नुसतं ‘छान’ लिहू नकोस!

रात्रीचे साडेदहा वाजले होते. जेवणं आटोपली होती, ओटा पुसून झाला होता, सासूबाईंना दूध देऊन झालं होतं. लेकीचा अभ्यास संपल्यामुळे घरातला एकुलता एक मोठा मोबाइल एकदाचा माझ्या हाती आला. तो डाळीच्या डब्याला टेकवून मी उघडला. दोन दिवस खपून लिहिलेलं माझं पाठ टाचण एव्हाना गटातल्या सगळ्यांनी वाचलेलं असणार होतं. सहावीचा इतिहास, हडप्पा संस्कृती. मोठ्या हौसेनं लिहिलं होतं मी. शेजारच्या रकान्यात कुणी काय लिहिलंय ते पाहू लागले. ‘छान’, ‘खूपच छान ताई’, एक अंगठा, दोन फुलं... आणि सगळ्यांत खाली विट्याच्या मुलीचा शेरा होता:

‘ताई, पस्तीस मिनिटांच्या पाठात मुलांना बोलायला चारच जागा आहेत. त्यातल्या तीन ठिकाणी उत्तर नुसतं हो किंवा नाही एवढंच येईल. मग मुलं कधी बोलणार?’

मैत्रिणींनो, खरं सांगते, माझी कानशिलं तापली. बावीस वर्षांची पोर! कालपरवा पदवी घेऊन बाहेर पडलेली. मी अर्धवेळ का होईना, सहा वर्षं शाळेत शिकवते आहे. आणि ही मला विचारतेय, मुलं कधी बोलणार! मी मोबाइल पालथा घातला आणि दिवा मालवला. आमच्या ह्यांनी विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही.” बायकोचं ‘काही नाही’ म्हणजे पुष्कळ काही असतं, हे बारा-तेरा वर्षांच्या संसारात त्यांना कळून चुकलंय. ते गप्पच बसले.

ही गोष्ट २०२२ सालच्या जानेवारीतली. त्या रात्री मी त्या मुलीवर रागावले, पुढच्या महिन्यात स्वतःवर रागावले, आणि मग कुठे थोडंसं शहाणपण आलं. ही हकिगत बी.एड.च्या अभ्यासाची असली तरी ती आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोचते, म्हणून तुम्हांला सांगावीशी वाटली.

पुन्हा विद्यार्थिनी

बी.ए. झाले आणि लगेच लग्न झालं. मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर गावातल्याच एका शाळेत सकाळचे तीन तास शिकवू लागले. बी.एड. नसल्यामुळे कायमच्या नोकरीची आशा नव्हती. करू करू म्हणता वर्षं गेली. शेवटी २०२० मध्ये प्रवेशपरीक्षा दिली आणि २०२१ च्या सुरुवातीला वर्ग सुरू झाले, तेही घरात बसून! करोनामुळे कॉलेजची दारं बंद होती. सकाळी मी मोबाइलवर मुलांना शिकवायची, दुपारी त्याच मोबाइलवर स्वतः शिकायची, आणि मधल्या वेळात माझ्या लेकीची शाळाही त्याच मोबाइलवर भरायची.

२०१५ पासून बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आहे. त्यात नुसती पुस्तकं वाचून भागत नाही. पाठ लिहायचे, ते घ्यायचे, दुसऱ्याचे पाठ पाहायचे, आणि हे सगळं गटानं करायचं. आमच्या मॅडमनी सहा-सहा जणांचे गट पाडले. आमच्या गटात मी सांगलीची, एक मिरजेची, एक तासगावची, एक विट्याची, एक इस्लामपूरची आणि जत तालुक्यातल्या एका खेड्यातला एक मुलगा. आम्ही एकमेकांना नावाऐवजी गावावरूनच हाका मारू लागलो. वर्षभर आम्ही एकमेकांना फक्त पडद्यावरच्या चौकटीत पाहिलं होतं. अपवाद मिरजेचीचा. ती माझी जुनी मैत्रीण, आम्ही दोघींनी मिळूनच प्रवेश घेतला होता.

मॅडमनी नियम घातला होता, प्रत्येकानं आपलं टाचण सगळ्यांना दिसेल असं इंटरनेटवरच्या सामायिक वहीत लिहायचं आणि दुसऱ्या दोघांची टाचणं वाचून शेजारच्या रकान्यात आपलं मत नोंदवायचं. त्या मतांवर विचार करून मगच टाचण पक्कं करायचं आणि मॅडमना द्यायचं.

‘प्रत्याभरण’ म्हणजे काय?

बी.एड.च्या पुस्तकांत यासाठी एक भारदस्त शब्द आहे, ‘प्रत्याभरण’. आपण बोलताना ज्याला फीडबॅक म्हणतो तोच हा. केलेलं काम कसं झालं, हे करणाऱ्यापर्यंत परत पोचवायचं, म्हणजे पुढच्या खेपेला ते सुधारता येतं. पोळी करपल्याचा वास आला की आपण आच कमी करतो ना? तव्यानं आपल्याला दिलेलं ते प्रत्याभरणच!

शिक्षकांच्या प्रशिक्षणात याला मोठा मान आहे. १९६३ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सूक्ष्म अध्यापना’ची पद्धत सुरू केली. पूर्ण तास घ्यायच्या आधी थोड्याशा मुलांसमोर काही मिनिटांचाच पाठ घ्यायचा, एका वेळी एकच कौशल्य घोटायचं. आज प्रश्न विचारण्याचं, उद्या फळ्यावर लिहिण्याचं. आपल्याकडे रुळलेल्या पद्धतीत हे चक्र ३६ मिनिटांचं असतं. ६ मिनिटं शिकवायचं, ६ मिनिटं मतं ऐकायची, १२ मिनिटं पाठ पुन्हा बांधायचा, ६ मिनिटं पुन्हा शिकवायचं आणि ६ मिनिटं पुन्हा मतं ऐकायची. हिशेब नीट पाहा. शिकवायला बारा मिनिटं, मतं ऐकायला बारा आणि त्यावर विचार करायलाही बारा!

आपल्याकडे या छोट्या पाठाला खरी मुलं नसतात. गटातल्या छात्राध्यापकांनीच विद्यार्थी व्हायचं असतं. पस्तिशीतली तासगावची पाचवीतली मुलगी होऊन विचारायची, “बाई, मला नाही समजलं!” आणि तिच्या मागे कुकरची शिट्टी व्हायची. हसून हसून पुरेवाट. पण हसणं संपलं आणि मत द्यायची वेळ आली की सगळ्यांचे माइक बंद!

आमच्या मनात काय चाललं होतं?

आता मागे वळून पाहताना वाटतं, आम्हा सहाही जणांना या प्रकाराची मनातून अढीच होती. मात्र प्रत्येकाचं कारण वेगळं.

माझी अढी वयाची आणि अनुभवाची. जी स्वतः शिकतेय ती मला काय शिकवणार? मॅडमनी सांगावं, ऐकेन. बरोबरीच्यानं, त्यातून वयानं लहान असलेल्यानं सांगितलेलं घशाखाली उतरत नव्हतं.

तासगावची म्हणायची, “कशाला कुणाचं मन दुखवा? दोन वर्षं काढायचीत एकत्र.” तिनं प्रत्येकाच्या टाचणाखाली ‘छान’ लिहायचा नेम धरला होता. सोमवारी शंकराला बेल वाहावा तसा.

इस्लामपूरचीचा व्यवहार रोखठोक. हळदीकुंकवाच्या वाणासारखा. तू मला ‘छान’ दिलंस, मी तुला ‘छान’ दिलं, कुणाचं कुणाकडे राहायला नको.

मिरजेचीला लिहिलेल्या शब्दाची धास्ती. तिचं म्हणणं अगदी खोटंही नव्हतं. समोरासमोर आपण “अगं, हे जरा लांबतंय बघ” म्हणतो तेव्हा चेहरा हसरा असतो, हात पाठीवर असतो. तेच वाक्य पडद्यावर उमटलं की कोरडं ठणठणीत दिसतं. शब्द तेवढे उरतात, सूर हरवतो. त्यातून ते सहा जणांना दिसतं आणि पुसेपर्यंत तिथंच राहतं. चारचौघांत कुणी चूक दाखवली तर आपण ती विसरत नाही, मग रोज डोळ्यांसमोर दिसणारी कशी विसरायची?

जतचा मुलगा तर काही लिहीतच नसे. आम्हांला वाटायचं, आखडू आहे. पुष्कळ दिवसांनी कळलं, त्याच्या घरात रेंजच येत नाही. तो शेताच्या बांधावर जाऊन उभा राहायचा तेव्हा कुठे आमची टाचणं उघडायची. आणि उघडली तरी, ‘शहरातल्या एवढ्या शिकलेल्या ताया, त्यांना मी काय सांगणार’ हा संकोच.

राहिली विट्याची. ती एकटीच नेमानं लिहीत होती आणि म्हणूनच तिच्याबद्दल कुणाचं मत बरं नव्हतं!

आपणा बायकांना तर गोड बोलण्याची सवय लहानपणापासून लावलेली. संक्रांतीला तिळगूळ देताना जे सांगतो ते वर्षभर पाळतो. ते चांगलंच आहे. पण गोड बोलणं आणि खरं न बोलणं या दोन गोष्टी आपण केव्हा एक करून टाकतो ते कळतही नाही. मला ते फार महागात पडलं. खरं म्हणजे मला नाही, माझ्या मैत्रिणीला.

एका ‘छान’ची किंमत

फेब्रुवारीत शाळा पुन्हा उघडल्या आणि आमचे खऱ्या वर्गातले सराव पाठ सुरू झाले. मिरजेचीला पाचवीचं गणित मिळालं, अपूर्णांकांची तुलना. अंश सारखे असले तर ज्याचा छेद मोठा तो अपूर्णांक लहान, म्हणजे एक तृतीयांशापेक्षा एक चतुर्थांश लहान. मुलांना डोळ्यांनी दिसावं म्हणून तिनं पुठ्ठ्याच्या दोन भाकऱ्या कापल्या. एकीचे तीन भाग, दुसरीचे चार. रंगवल्या, तक्त्यावर लावल्या, फोटो काढून आमच्या सामायिक वहीत टाकला.

फोटो पाहिल्याबरोबर माझ्या लक्षात आलं. तीन भागांची भाकरी तिनं डब्याच्या झाकणावरून आखली होती आणि चार भागांची ताटलीवरून. म्हणजे एक भाकरी लहान, एक मोठी. मोठ्या भाकरीचा चौथा भाग लहान भाकरीच्या तिसऱ्या भागापेक्षा चांगला ऐसपैस दिसत होता! अपूर्णांकांची तुलना करायची तर मूळची वस्तू सारखी हवी, ही त्यातली पहिली अट. तीच मोडली होती.

मी लिहायला बोट उचललं. मग मनात आलं, एवढा रंगवून केलाय तक्ता, रात्री अकराला तिला पुन्हा कापायला लावायचं? आणि विट्याच्या मुलीचा शेरा माझ्या मनात अजून ठसठसत होता. आपल्याला असं कुणी लिहिलेलं आवडलं नाही, मग आपण का लिहा? मी लिहिलं, ‘खूप छान तक्ता! मुलांना आवडेल.’ आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याच वर्गात मागच्या बाकावर निरीक्षणाला बसले होते. पाठ छान रंगला होता. तिनं तक्ता लावला, विचारलं, “सांगा पाहू, कुठला भाग लहान?” पुढच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “बाई, तिसरा भाग लहान हाय की ओ!” ती म्हणाली, “नाही रे, चौथा भाग लहान असतो.” तो म्हणाला, “पण मोठा दिसतोय की!” मग सगळा वर्गच “दिसतोय, दिसतोय” करायला लागला. तिनं तक्त्याकडे पाहिलं, आणि चूक काय झाली ते न कळताच ती गोंधळली. फळ्यावर चिन्ह उलटं लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटची दहा मिनिटं कशीबशी गेली. शेजारी बसलेले सर वहीत काहीतरी लिहीत होते.

बाहेर आल्यावर व्हरांड्यात ती रडली. मी पाठीवरून हात फिरवला. डोळे पुसून तिनं मला एकच विचारलं, “तू काल फोटो पाहिलास ना ग? तुझ्या लक्षात नव्हतं आलं?”

मैत्रिणींनो, काय उत्तर देणार होते मी? ‘नव्हतं आलं’ म्हणाले असते तर खोटं बोलले असते. ‘आलं होतं’ म्हणायचं धैर्य नव्हतं. मी गप्प राहिले आणि ती काय ते समजली. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

त्या चार दिवसांत मला एक गोष्ट लख्ख कळली. मी तिचं मन जपलं नव्हतं, स्वतःचा वाईटपणा वाचवला होता. आणि त्यात तिच्याइतकंच त्या तीस-पस्तीस मुलांचंही नुकसान झालं होतं. ती मुलं बिचारी डोळ्यांनी बरोबर पाहत होती आणि त्यांना ‘तुमचं चुकतंय’ असं सांगितलं जात होतं!

विट्याच्या मुलीला फोन

माझा हडप्पाचा पाठ पुढच्या आठवड्यात होता. त्या रात्री मी विट्याचीचा शेरा पुन्हा उघडला. लेकीला समोर बसवलं, घड्याळ लावलं आणि पाठ घेतला. पस्तीस मिनिटांतली जवळजवळ तीस मिनिटं मीच बोलत होते. मोहेंजोदडोचे सरळ रस्ते, एकमेकांना काटकोनात छेदणारे, पक्क्या विटांची घरं, झाकलेली गटारं. सगळं मीच सांगून टाकत होते. लेक मध्येच म्हणाली, “आई, गटारं झाकलेली कशाला?” त्याचंही उत्तर मीच दिलं आणि पुढे निघाले. तेवढ्यात थबकले. अगं, हाच तर प्रश्न वर्गाला विचारायचा!

टाचण बदललं. नगराचं चित्र आधी दाखवायचं, मुलांनी आपल्या गल्लीशी ताडून पाहायचं आणि काय सारखं, काय वेगळं ते त्यांनीच सांगायचं, असं केलं. पाठ झाला तेव्हा एवढे हात वर झाले की वेळ पुरला नाही.

घरी आल्यावर मी विट्याच्या मुलीला फोन केला आणि मोकळेपणानं सगळं सांगितलं. ती पलीकडून म्हणाली, “ताई, तो शेरा मी चार वेळा लिहिला आणि चार वेळा पुसला. तुम्ही मोठ्या, शिकवण्याचा अनुभव असलेल्या. वाटलं, तुम्हांला राग येईल. पण मीसुद्धा माझ्या पाठात तेच करत होते, हे तुमचं टाचण वाचताना मला कळलं. माझंही मग बदललं.”

म्हणजे पाहा, माझी चूक शोधता शोधता तिला तिची सापडली होती!

जाणकार काय सांगतात?

हा तिचा एकटीचा अनुभव नाही. २००९ साली लुंडस्ट्रॉम आणि बेकर या दोन संशोधिकांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात इंग्रजी लिहायला शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांचे दोन भाग केले. एका भागानं फक्त इतरांच्या निबंधांवर मतं द्यायची, दुसऱ्यानं फक्त आलेल्या मतांचा उपयोग करायचा. सत्राच्या शेवटी पाहिलं तर मतं देणाऱ्यांचंच लेखन अधिक सुधारलं होतं. दुसऱ्याच्या कामाकडे बारकाईनं पाहायची नजर आली की तीच नजर आपल्या कामावरही पडते.

पण सगळीच प्रत्याभरणं गुणकारी असतात असं नाही. १९९६ साली क्लुगर आणि डिनिसी यांनी अशा ६०० हून अधिक तुलना एकत्र करून पाहिल्या. सरासरीनं फायदा होता, पण तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वेळा मत दिल्यावर काम सुधारण्याऐवजी बिघडलं होतं! त्यांचा निष्कर्ष असा की, मतामुळे माणसाचं लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की उपयोग कमी होतो. ‘या पाठात प्रश्न कमी आहेत’ हे कामाबद्दल झालं. ‘तुम्हांला प्रश्न विचारता येत नाहीत’ हे माणसाबद्दल. विट्याच्या मुलीनं पहिलं लिहिलं होतं, मी दुसरं वाचलं!

‘छान’चंही तेच. ऑकलंड विद्यापीठातल्या जॉन हॅटी आणि हेलन टिंपर्ली यांनी २००७ साली लिहिलं की चांगल्या प्रत्याभरणानं तीन प्रश्नांची उत्तरं मिळावीत. कुठे जायचंय? आत्ता कुठवर आलोय? पुढचं पाऊल कोणतं? नुसत्या कौतुकातून या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर मिळत नाही. म्हणून तर बाकीच्यांनी ‘छान’ म्हणूनही माझा पाठ होता तिथंच राहिला.

मग आम्ही काय केलं?

चार दिवसांनी मीच मिरजेला गेले. “माझ्या लक्षात आलं होतं, पण मी लिहिलं नाही. चुकले,” म्हटलं. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “चहा घेणार ना?” तिथंच बसून दोघींनी एकाच ताटलीवरून नव्या दोन भाकऱ्या आखल्या.

रविवारी आम्ही सहाही जण पडद्यावर जमलो आणि काही गोष्टी ठरवल्या. एकट्या ‘छान’ला बंदी. काय छान आहे आणि का, ते लिहायचं. चूक दाखवायची तर जागा नेमकी दाखवायची आणि शक्यतो प्रश्न विचारायचा. बोचेल असं काही असलं तर आधी आवाजात बोलून पाठवायचं, मग लिहायचं, म्हणजे सूर हरवत नाही. ज्याला मत मिळालं त्यानं ते घेतलं की नाही आणि का, हे खाली लिहायचं. कारण आलेलं प्रत्येक मत बरोबर असतंच असं नाही, आणि आपलं मत वाचलं गेलं हे कळलं की लिहिणाऱ्यालाही हुरूप येतो. जतच्या मुलाला एक दिवस जास्तीचा द्यायचा.

या शेवटच्या नियमाचा आम्हांला किती फायदा झाला म्हणून सांगू! विट्याचीनं पावसाळ्यावर पाठ लिहिला होता. त्यात प्रश्न होता, ‘पावसाळ्यात गावात कायकाय दिसतं?’ आणि अपेक्षित उत्तर, ‘नद्या-नाले भरून वाहतात.’ जतच्या मुलानं बांधावर उभं राहून बोलून पाठवलं, “ताई, आमच्या दुष्काळी भागातली पोरं ‘टँकर’ म्हणतील. मग ते उत्तर चूक धरणार का?” पाठ लिहिणारीला नाही, आम्हा चौघींना नाही, पुस्तकालाही सुचलं नव्हतं ते. विट्याचीनं तो पाठच उलटा केला. ‘पाऊस आला तर काय होतं आणि नाही आला तर काय होतं?’ इथून सुरुवात केली. पूर्वी ज्याला आम्ही आखडू म्हणत होतो, त्याच्या मताची आम्ही आता वाट पाहू लागलो.

सगळं एकदम सुरळीत झालं असं मात्र नाही हं. इस्लामपूरची दोनदा रुसली. मला अजूनही शेरा वाचला की पहिल्यांदा कानशिलं तापतातच. फरक एवढाच की आता मोबाइल पालथा घालून झोपले तरी सकाळी पुन्हा उघडते.

घरात याचा काय उपयोग?

तुम्ही म्हणाल, आम्हांला कुठे बी.एड. करायचंय? पण घरात दिवसभर आपण दुसरं काय करत असतो? मुलांच्या वह्या पाहतो, सुनेच्या नाहीतर जावेच्या हातचं चाखतो, मंडळातल्या मैत्रिणीचं भरतकाम पाहतो. म्हणून आमच्या नियमांतले चार घरगुती करून देते.

१. कामाबद्दल बोला, माणसाबद्दल नको. ‘तुझं अक्षर घाणेरडं’ याऐवजी ‘या दोन ओळी रेघेवर बसल्यात, खालच्या सुटल्यात’ असं म्हणून पाहा. माझी लेक पूर्वी वही लपवायची, आता स्वतःच आणून दाखवते.

२. कौतुक नेमकं करा. ‘छान झालंय’पेक्षा ‘कडेचा टाका एकसारखा आलाय’ हे ऐकणारीला किती तरी दिवस पुरतं.

३. वेळ पाहून सांगा. पाहुणे पानावर बसलेले असताना सांगितलेली चूक सुधारता येत नाही, नुसती लागते. सुधारायला वेळ असेल तेव्हा सांगितली तर उपयोगी पडते.

४. ऐकताना लगेच उत्तर देऊ नका. राग आला तर येऊ द्या. एक रात्र मध्ये जाऊ द्या आणि सकाळी स्वतःलाच विचारा, यातलं खरं किती?

चौथा नियम सांगायला सोपा आणि पाळायला सगळ्यांत अवघड. आमच्या सासूबाई कधीतरी म्हणतात, “आज कटाच्या आमटीत काहीतरी कमी आहे.” पूर्वी मला ते माझ्या माहेरापर्यंत जाऊन लागायचं. आता मी विचारते, “काय कमी वाटतंय? मीठ की चिंच?” परवा म्हणाल्या, “गोडा मसाला शेवटी घालून बघ.” घातला. बरी झाली आमटी.

आणि मिरजेची? ती आता एका शाळेत गणित शिकवते. अजूनही नवा तक्ता केला की रात्री फोटो पाठवते, आणि खाली न चुकता लिहिते, ‘नीट बघ. नुसतं छान लिहू नकोस ग!’